क्रमांक सहाची ताटली

माझ्या धाकट्या आत्याच्या घरात लेबल नसलेली वस्तू सापडणं कठीण. मिठाच्या बरणीवर ‘मीठ’ आणि खाली भरल्याची तारीख, खिडकीतल्या कुंडीवर ‘पाणी एक दिवसाआड’, गच्चीच्या किल्लीवर ‘गच्ची’ आणि तिच्या शेजारच्या किल्लीवर ‘ही कशाची ते माहीत नाही’. ही सगळी लेबलं चिकटपट्टीची, म्हणजे जखमेवर लावतात त्या पट्टीची, आणि त्यावर निळ्या शाईचं रेखीव अक्षर. कागद पाण्याने निघतो, पट्टी निघत नाही, असं तिचं म्हणणं. एक दिवस आपण झोपेतून उठू तेव्हा आपल्याही कपाळावर पट्टी असेल, असं आतोबा म्हणतात. त्यावर काय लिहिलेलं असेल याचा अंदाज त्यांना आहे, पण ते सांगत नाहीत.

आत्याने एका शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मदतनीस म्हणून काम केलं. शिक्षक आले, बदलून गेले, काही तर रडत गेले, पण परीक्षानळ्या आत्याच्या त्या आत्याच्याच राहिल्या. फळ्यासमोर उभं राहून शिक्षक सांगायचे, आता हे द्रावण गुलाबी होईल. ते गुलाबी व्हावं म्हणून सकाळी सात वाजता येऊन कुणी डोळ्यांत तेल घालून मापं घेतली, हे कुणी विचारत नसे. आत्यालाही त्याचं काही वाटत नसे. द्रावण गुलाबी झालं की दाराआडून ती एकदा मान हलवायची, बस्स.

तिथून निवृत्त होताना तिला एक शाल आणि एक घड्याळ मिळालं. दोन सवयी मात्र ती स्वतःच घेऊन आली. एक लेबलांची, जी सांगितलीच. दुसरी अशी की कुठलाही उपाय ती सगळ्यावर एकदम करत नाही. काहीही करून पाहायचं असलं की एक नग बाजूला ठेवते, त्याला हातसुद्धा लावत नाही. ‘तुलनेसाठी’. फरक पडला की नाही हे कळायचं कसं, ती विचारते. केस रंगवते तेव्हा डाव्या कानामागची एक बट पांढरीच ठेवते. लोकांना वाटतं, बिचारीचा हात पोचला नसेल. मागच्या हिवाळ्यात दोघांनाही खोकला झाला, तेव्हा तिने नवं औषध आणलं, स्वतः घेतलं आणि आतोबांना दिलं नाही. ती चार दिवसांत बरी झाली. आतोबा अकरा दिवस खोकले. औषध चांगलं आहे, असं तिने वहीत लिहून ठेवलं.

माझी नोकरी त्यांच्या गल्लीच्या टोकाला, दातांच्या दवाखान्यात. येणाऱ्याचं नाव लिहून घ्यायचं आणि आतून ओरडण्याचा आवाज आला की बाहेर बसलेल्यांकडे बघून हसायचं, असं माझं काम. म्हणून मी त्यांच्याकडेच राहते. ताटल्यांचं सगळं प्रकरण मी डोळ्यांनी पाहिलं आणि त्यात थोडं पापही माझ्या माथी आहे. तेही सांगते.

ताटल्या आजीच्या. चिनी मातीच्या, पांढऱ्याशुभ्र, सहा. काठाला करंगळीच्या नखाएवढा रुंद पट्टा, त्यात बारीक पानांची वेल, आणि तो पट्टा काळा. आमच्या घरात त्यांचं नावच ‘काळ्या काठाच्या’. आजी शिवणकाम करायची. एका मोठ्या घरचे पडदे तिने शिवून दिले, तेव्हा त्या बाईंनी काठ खराब झालाय, टाकूनच देणार होते, असं म्हणत या ताटल्या तिच्या हातात ठेवल्या. आजीने टाकल्या नाहीत. पाहुणा आला की याच काढायची, कारण घरात दुसऱ्या एकसारख्या सहा नव्हत्याच. आणि प्रत्येक पाहुण्यासमोर ताटली ठेवताना प्रत्येक वेळी म्हणायची, “काठ काळाच आहे हं त्यांचा. घासलेल्या आहेत.” माझ्या दोन्ही आत्यांनी हे वाक्य लहानपणी इतक्या वेळा ऐकलं की ते ऐकताना आपली मान खाली जायची, हे दोघीही अजून सांगतात. माझे बाबा सगळ्यांत धाकटे, त्यांना फक्त जेवण आठवतं.

आजी गेल्यावर ताटल्या मोठ्या आत्याकडे गेल्या. मोठी आत्या म्हणजे वेगळंच प्रकरण. पोस्टाच्या खिडकीत बसून तिने उभा जन्म लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या. फॉर्मवरची सही आणि नोंदीतली नमुना सही, यात ‘र’चा पाय जरा वाकडा गेला तरी फॉर्म परत. तिच्या खिडकीसमोर भल्याभल्यांना आपण आपणच आहोत की नाही अशी शंका यायची. आता ती मुलाकडे लहान घरात राहायला गेली, कपाटं कमी झाली, आणि ताटल्या कुणाकडे द्यायच्या हा प्रश्न आला.

सरळ धाकट्या बहिणीकडे, असं तुम्ही म्हणाल. मोठ्या आत्याने हो म्हणायला दोन वर्षं घेतली. तिच्याकडे कारणं होती. धाकटीने आठव्या वर्षी भिंतीवरचं घड्याळ आतून कसं दिसतं ते पाहायला उघडलं, ते नंतर फक्त दिसायला घड्याळ राहिलं. मोठीचा लोकरीचा स्वेटर किती आटतो ते पाहायला उकळत्या पाण्यात घातला, तो शेवटी बाहुलीला बसला. आणि मोठीच्या पहिल्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिच्या पांढऱ्या ब्लाऊजवरचा शाईचा एक डाग काढायला घेतला आणि अख्खा ब्लाऊज फिकट निळा करून वाळत घातला. “रंग एकसारखा बसला होता,” धाकटी आत्या अजून म्हणते. मोठीने अजून माफ केलेलं नाही.

तरी शेवटी खोका आला. मोठ्या आत्याने स्वतः जिना चढून आणला, टेबलावर ठेवला आणि खोक्यावर हात ठेवूनच बोलली.

“चिमे, आईची म्हणून एवढीच वस्तू उरलीये. जशा देतेय तशा ठेव. काही करून बघायचं नाही. महिन्याने जेवायला येईन तेव्हा याच मांड. काही झालेलं दिसलं तर परत नेईन आणि जावेला देईन.”

“अगं ताई, मी काय लहान आहे का आता?”

“म्हणूनच भीती वाटते,” मोठी आत्या म्हणाली.

ती गेल्यावर धाकटी आत्या खोक्याशेजारी बसली. मग मला म्हणाली, “ताईने मला आजवर कधी काही सांभाळायला दिलं नव्हतं.” हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला चेष्टा सुचली नाही. आणि मला नेहमी सुचते.

बारा दिवस ती शब्दाला जागली. तेराव्या दिवशी ताटल्या धुताना तिने एक ताटली उजेडात तिरकी धरली आणि मला अशी हाक मारली की मी एका पायात चप्पल घालून धावले. काठावर एक बारीक चरा होता, आणि चऱ्याच्या तळाशी काहीतरी चमकत होतं.

“हा रंग नाही,” आत्या म्हणाली. “ही चांदी आहे. काळवंडलीये. हवेतल्या गंधकाने काळवंडते, अंड्याने काळवंडते, नुसती पडून राहिली तरी काळवंडते. एकतीस वर्षं पाहिलंय मी हे. आणि घरातली ओळखता आली नाही.”

आतोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. “ताई म्हणाल्यात, जशा दिल्या तशा.”

“अहो, जशा होत्या तशाच करतेय ना! मुळात जशा होत्या तशा.”

आतोबांनी वर्तमानपत्र पुन्हा वर धरलं. त्या घरात एवढा विरोध खूप झाला.

मग काय, ओट्यावर प्रयोगशाळा मांडली गेली. ताटल्या पालथ्या घालून प्रत्येकीच्या बुडाला पट्टी लागली, एक ते सहा. आत्याने मला आधीच दम दिला की हा पत्रा नाही, मातीवर चढवलेला चांदीचा पातळ पापुद्रा आहे. जोर लावला तर काळं जाईल आणि त्यामागोमाग चांदीही जाईल. तारेची घासणी तिने उचलून आतोबांच्या कपाटात लपवली, जणू मीच ती घेऊन चालून जाणार होते.

क्रमांक एकला कोमट पाणी आणि साबण. त्याने फक्त मोठ्या आत्याच्या कपाटातली धूळ निघाली. क्रमांक दोनला खाण्याचा सोडा, पाण्याचे चार थेंब घालून केलेला लगदा, तो बोटाच्या टोकाने हळूहळू. बोट काळं झालं आणि काठावर करडी चमक आली. क्रमांक तीनला खडूची पूड. आत्याने पांढरा खडू कुटला, जुन्या मलमलीतून दोनदा गाळला, त्यात स्पिरिट घातलं आणि कापसाच्या बोळ्याने एकाच दिशेने पुसत गेली, जशी मुलाचं तोंड पुसावं तशी. आणि पानं दिसायला लागली. काळ्या पट्ट्यात जी नुसती वळवळ वाटायची ती खरीखुरी वेल होती, प्रत्येक पानाला शीर होती. मी खोटं सांगत नाही, माझ्या अंगावर काटा आला.

क्रमांक चारला परातीत अॅल्युमिनियमची चकचकीत फॉइल अंथरली, त्यावर ताटली पालथी, सोडा आणि गरम पाणी. थोड्या वेळाने सडक्या अंड्याचा वास सुटला. आतोबांनी नाक धरून खिडकी गाठली. आत्याने मात्र डोळे मिटून तो वास असा घेतला की कुणाला वाटावं फुलंच आहेत. “गंधक निघालं,” ती म्हणाली. “वर्गात हा वास आला की मुलं पळायची. मला वाटायचं, आज जमलं.” जिथे फॉइल टेकली होती तिथलं काळं गेलं, जिथे टेकली नव्हती तिथलं राहिलं, म्हणून काठ पट्ट्यापट्ट्यांचा निघाला. पुढचं काम खडूने केलं.

आता माझं पाप. दवाखान्यात टूथपेस्टच्या नमुन्याच्या ट्यूबा पडलेल्या असतात, त्यातली एक मी मोठ्या तोऱ्याने आणली. आत्याने नाक मुरडलं. टूथपेस्टमध्ये कचकच असते, दातांना चालते, चांदीला नाही. पण प्रयोग म्हटल्यावर तिला नाही म्हणवेना, आणि क्रमांक पाच माझ्या हातात आला. मी घासलं. छान घासलं. इतकं छान की एका पानाच्या टोकाला चांदीच गेली आणि खालचं पांढरं दिसायला लागलं. तांदळाच्या दाण्याएवढं, जास्त नाही. आत्याने ती ताटली माझ्या हातातून घेतली, पुसली, आणि त्या जागेवरून अंगठा फिरवत राहिली. तिने दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. उरलेला काठ तिने स्वतः खडूने काढला आणि सुरुवातीच्या दोन ताटल्याही खडूनेच पुऱ्या केल्या.

सहावीला हात लावला नाही, हे वेगळं सांगायला नकोच. मऊ सुती कापडात गुंडाळून ती वरच्या फळीवर गेली. तुलनेसाठी. आपण चौघं, ताटल्या पाच, पुरे झाल्या, असा हिशेब आत्याने केला आणि स्वतःला त्या चौघांत धरायला विसरली नाही, ही तिच्या मानाने प्रगतीच.

महिना झाला. रविवारी सकाळपासून आत्याचं एकच चाललं होतं, ताईला आधी काही सांगायचं नाही. खिडकीचा पडदा तिने तीनदा सरकवला, ऊन नेमकं टेबलावर पडावं म्हणून. मोठी आत्या ज्या खुर्चीत बसणार त्या खुर्चीत स्वतः बसून पाहिलं. क्रमांक पाचची ताटली तिने आपल्यापुढे ठेवली आणि तांदळाएवढी जागा आपल्या बाजूला वळवली. कानामागची पांढरी बट पुन्हा पुन्हा मागे सारत होती. “ताई काय म्हणेल गं?” तिने मला निदान सहा वेळा विचारलं. एकोणसत्तर वर्षांची बाई, पण निकालाच्या दिवशी शाळेत जाणाऱ्या मुलीसारखी दिसत होती.

मोठी आत्या आली, पाणी प्यायली, टेबलापाशी आली. ताटल्या झगमगत होत्या. धाकटी हात मागे बांधून उभी. मोठीने एक ताटली उचलली, उजेडात धरली, जवळ नेली, लांब नेली. पोस्टाची खिडकी उघडल्यासारखं मला वाटलं.

“चिमे, आईच्या ताटल्या कुठायत?”

“ह्याच की!”

“ह्या?” मोठ्या आत्याने ताटली पालथी केली. बुडाशी पट्टी होती, ‘क्र. १ – साबण’. “आईच्या ताटलीवर साबणाचं नाव कधीपासून?”

“अगं ते लेबल आहे. ताई, तो काठ चांदीचा आहे. मी फक्त…”

“फुटल्या ना?” मोठ्या आत्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि तेच वाईट होतं. “काहीतरी करून बघायला गेलीस आणि फुटल्या. मग फुटल्या म्हण. मी रागावले असते, दोन महिने बोलले नसते, पण ऐकून घेतलं असतं. नव्या आणून माझ्यापुढे मांडल्यास! आईच्या ताटल्या मी ओळखणार नाही असं वाटलं तुला? आईच्या ताटल्यांचा काठ काळा होता.”

एकतीस वर्षं जिने कुठलंही द्रावण गुलाबी करून दाखवलं, तिला एक वाक्य धड बोलता येईना. डोळे भरले. मी मध्ये पडले, “मोठी आत्या, मी स्वतः पाहिलंय,” तर तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी साक्षीदार नसून साथीदार झाले. मोठी आत्या पर्स उचलायला वळली. मला कळलं की आता ती जिना उतरली तर पुन्हा चढायची नाही.

तेवढ्यात वर्तमानपत्रामागून आवाज आला.

“सहावी कुठेय?”

आम्ही तिघी वळलो. आतोबा उठून उभे राहिले होते. “तुलनेसाठी ठेवलीस ना? ती काढ. तुलनेसाठी ठेवलेल्यांत मीही एक आहे, म्हणून मला तिची आठवण राहते.”

आत्या स्टुलावर कशी चढली आणि कशी उतरली ते मला दिसलंच नाही. कापड सोडून तिने ताटली बहिणीपुढे ठेवली. काळा काठ, जसाच्या तसा. एका जागी तो बारीक चरा.

“तुमच्या पोस्टात नमुना सही असते ना ताई,” ती कशीबशी म्हणाली. “तसा हा नमुना.”

मोठी आत्या खाली बसली. तिने चऱ्यावर नख फिरवलं. तो चरा तिनेच पाडला होता, लहानपणी, काट्याने, जेवायला वेळ लागत होता म्हणून. हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी ती एवढंच म्हणाली, “ही आईची.”

आत्याने खडूची डबी आणली. स्पिरिटमध्ये बोळा बुडवला आणि तिच्या डोळ्यांदेखत काठाचा बोटभर तुकडा पुसायला घेतला, हळू, एकाच दिशेने. बोळा काळा झाला. एक पान आलं. मग दुसरं. मोठी आत्या वाकून वाकून इतकी जवळ आली होती की दोघींची डोकी एकमेकींना लागली.

“थांब,” मोठी म्हणाली.

आत्या थांबली.

मोठ्या आत्याने शेजारची चमकणारी ताटली उचलून या ताटलीला लावून धरली. हिच्यावरची पानं, तिच्यावरची पानं. शीर न् शीर ताडून पाहिली. एकदा. दुसऱ्यांदा. मग दोन्ही खाली ठेवल्या आणि चष्मा काढला.

“म्हणजे आईला माहीतच नव्हतं,” ती म्हणाली. “चांदीत वाढायची गं ती लोकांना. आणि माफी मागायची.”

आजीला आता हे सांगता येणार नाही, याचं मला फार वाईट वाटलं, आणि मी तर आजीला नीट पाहिलंही नव्हतं. धाकट्या आत्याने नाक पुसलं, आणि तिच्या मनात आता काही दडवून ठेवण्याची ताकद उरली नव्हती म्हणून असेल, क्रमांक पाचची ताटली पुढे सरकवली.

“ताई, हिची एका जागी गेलीये. चांदी. तांदळाएवढी.”

मोठ्या आत्याने चष्मा घातला, जागा पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगाला टूथपेस्टचा वास येतो की काय कोण जाणे.

“ब्लाऊजपेक्षा कमी गेलंय,” ती म्हणाली. “पाच तुझ्याकडे राहू देत, चिमे. ही सहावी मी नेणार. अशीच. आणखी घासायची नाही.”

“प्रयोग अर्धवट राहील!” आत्याच्या तोंडून निघून गेलं.

“राहू दे.”

मी वाढायला घेतलं तेव्हा मोठ्या आत्याने आपल्यासमोरची लखलखीत ताटली बाजूला सारली आणि काळी ओढून घेतली. स्पिरिटचा वास जायला आत्याने ती धुऊन पुसून दिली. मोठीने ती फिरवून घेतली, पुसलेली दोन पानं समोर बसलेल्या आतोबांकडे जातील अशी, आणि घरातलं माणूस असूनही पाहुण्याला सांगावं तसं त्यांना म्हणाली,

“काठ चांदीचाच आहे हं त्यांचा. घासायच्या राहिल्या होत्या.”